परमुलखातील पैसा आणि प्रवासाचे भाडे

खिशात खरा पैसा असूनही मनुष्य काही काळ निर्धन ठरू शकतो काय? प्रश्न विचित्र वाटेल. पण हा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. तेव्हापासून 'पैसा म्हणजे काय' या अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्याकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. तो अनुभव आणि त्याच्या मागची कारणमीमांसा आपणांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

लाल बसमधील प्रसंग

काही वर्षांपूर्वी आप्तांच्या भेटीसाठी आमचे इंग्लंडला जाणे झाले. प्रथम स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो पाहून आम्ही लंडनला आलो. सकाळी एकटेच बाहेर पडलो, तांबड्या दुमजली बसमध्ये चढलो आणि हैदराबादेतील आमच्या बँकेचे कार्ड चालकाशेजारच्या पिवळ्या यंत्रावर टेकवले. यंत्राने हिरवा दिवा दाखवला. कंडक्टर नाही, तिकिटाचा कागद नाही, सुट्या पैशांचा घोळ नाही! आम्ही मनोमन प्रसन्न झालो.

दुपारी परतताना तेच कार्ड तशाच यंत्रावर टेकवले, तो दिवा तांबडा! पुन्हा टेकवले, पुन्हा तांबडा. मागे माणसांची रांग. आम्ही घाईघाईने वीस पौंडांची नोट पुढे केली. चालकाने नम्रपणे मान हलवली आणि सांगितले की, या बसमध्ये रोख पैसा मुळीच घेत नाहीत. आम्ही खाली उतरलो. जवळच्या एका दुकानात प्रवासाचे कार्ड मिळते असे कळले, म्हणून तेथे गेलो. दुकानातील तरुणाने नोट उजेडाकडे धरली, उलटसुलट केली आणि परत दिली. ती स्कॉटलंडमधील एका बँकेची नोट होती.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. खिशात वीस पौंडांची खरी नोट होती, बँकेत शिल्लक होती, तरी आमचे चार मैलांचे भाडे भरण्याचे सामर्थ्य आमच्यात नव्हते. अखेर दुसऱ्या एका दुकानातील वयस्क गृहस्थांनी ती नोट घेतली. आम्ही आभार मानले तेव्हा ते म्हणाले, "नोट खोटी थोडीच आहे? अनोळखी आहे, इतकेच."

या एका वाक्यात पुष्कळ अर्थशास्त्र सामावलेले आहे. आमच्या त्या दुपारी तीन नकार मिळाले: कार्डाला, रोख रकमेला आणि स्कॉटिश नोटेला. या तिन्ही नकारांची कारणे भिन्न होती. ती एकेक करून पाहू.

एक देश, अनेक बँकांच्या नोटा

आपल्या देशात दहा रुपये आणि त्यावरील सर्व नोटा केवळ रिझर्व्ह बँक काढते. नोटेवर आपल्या मराठीसह अनेक भाषांत तिचे मूल्य छापलेले असते, आणि ती हैदराबादेत, इंदुरात, बेळगावात वा पणजीत सारखीच चालते. म्हणून प्रत्येक देशात असेच असणार, अशी आपली समजूत होते. ग्रेट ब्रिटनमध्ये तसे नाही. तेथे बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांखेरीज स्कॉटलंडमधील तीन व्यापारी बँकांच्या नोटाही चालतात: बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल बँक. उत्तर आयर्लंडमधील काही बँकांनाही असाच अधिकार आहे. पौंड एकच, मात्र त्याची वस्त्रे निरनिराळी.

याचे मूळ इतिहासात आहे. बँक ऑफ इंग्लंडची स्थापना १६९४ साली झाली, तर बँक ऑफ स्कॉटलंडची १६९५ साली, स्कॉटलंडच्या स्वतंत्र पार्लमेंटच्या कायद्याने. १७०७ साली दोन्ही राज्ये एक झाली. परंतु स्कॉटलंडची न्यायपद्धती आणि बँका आपापल्या जागी राहिल्या. पुढे १८२५ साली इंग्लंडात अनेक बँका बुडाल्या, तेव्हा पाच पौंडांखालील नोटा सर्वत्र बंद कराव्यात असा सरकारने विचार केला. स्कॉटलंडात सोन्याचांदीचे नाणे तुटपुंजे असल्यामुळे तेथील सारा नित्य व्यवहार एक पौंडाच्या नोटांवर चाले. सुप्रसिद्ध कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी १८२६ साली 'मॅलकी मॅलाग्राउदर' हे टोपणनाव घेऊन वृत्तपत्रात या बेताविरुद्ध जळजळीत पत्रे लिहिली. लोकमत पेटले आणि सरकारला स्कॉटलंडपुरते माघार घ्यावी लागली. बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटांवर आजही स्कॉट यांचे चित्र छापलेले दिसते, ते उगीच नव्हे. साहित्यिकाच्या लेखणीने नोट वाचवली आणि नोटेने साहित्यिकाची स्मृती जपली!

आता कोणी म्हणेल, खाजगी बँकेच्या नोटेचा भरवसा काय? त्याची तरतूद कायद्याने केली आहे. या बँकांना आपल्या नोटांइतक्या मूल्याची मालमत्ता सदैव राखून ठेवावी लागते, आणि तिचा मोठा भाग बँक ऑफ इंग्लंडकडे असतो. २००९ च्या बँकिंग कायद्याने हे नियम अधिक कडक केले. या कामासाठी बँक ऑफ इंग्लंड दहा लक्ष पौंडांच्या आणि दहा कोटी पौंडांच्या प्रचंड नोटा वापरते. पहिलीला 'जायंट' आणि दुसरीला 'टायटन' म्हणतात. त्या बाजारात कधीच येत नाहीत. तिजोरीत राहून बाहेर फिरणाऱ्या नोटांना आधार देतात. तात्पर्य, आमची वीस पौंडांची नोट मूल्याने तिळमात्र उणी नव्हती.

'कायदेमान्य चलन' या शब्दाचा घोटाळा

मग दुकानदाराने ती नाकारली, हे कायद्याला धरून होते काय? होय, होते. येथे 'कायदेमान्य चलन' या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. आपण समजतो की, जे चलन कायदेमान्य ते प्रत्येकाने घेतलेच पाहिजे. ब्रिटिश कायद्यात त्याचा अर्थ याहून पुष्कळ संकुचित आहे. एखाद्यावर कर्ज असेल आणि त्याने ते कायदेमान्य चलनात पूर्णपणे फेडू केले, तर धनकोला पुढे त्याच्यावर फेड न केल्याचा दावा लावता येत नाही, एवढाच तो अर्थ.

गंमत अशी की, बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा इंग्लंड आणि वेल्स एवढ्यापुरत्याच कायदेमान्य आहेत. स्कॉटलंडात त्या कायदेमान्य नाहीत. आणि स्कॉटिश बँकांच्या नोटा तर कोठेच कायदेमान्य नाहीत, खुद्द स्कॉटलंडातही नाहीत! तरी एडिंबरोचा भाजीवाला त्या रोज बिनदिक्कत घेतो. का? कारण त्याला ठाऊक असते की, उद्या त्याच्याकडून दुसरा कोणी त्या घेईल. म्हणजे नोट चालते ती कायद्याच्या बळावर जितकी, त्याहून अधिक परस्परांच्या विश्वासावर. लंडनमधील तरुण दुकानदाराला ती नोट परिचित नव्हती, म्हणून विश्वासाची साखळी तेथे तुटली. वयस्क गृहस्थांना ती परिचित होती, म्हणून जुळली.

आता बसचालकाच्या नकाराकडे वळू. आमची नोट स्कॉटिश होती म्हणून त्याने ती नाकारली, असा आमचा प्रथम ग्रह झाला. पण तो चुकीचा होता. आम्ही बँक ऑफ इंग्लंडची कोरी करकरीत नोट पुढे केली असती, तरी उत्तर तेच आले असते. बसमध्ये चढताना आपण कोणाचे ऋणी नसतो. कोणत्या अटीवर प्रवासी घ्यावा हे वाहतूक करणाऱ्याने आधीच जाहीर केलेले असते. म्हणून कायदेमान्य चलनाचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. लंडनच्या बसगाड्यांत ६ जुलै २०१४ पासून रोख रक्कम घेणे बंद आहे. एडिंबरोच्या मुख्य बससेवेत नाणी चालतात. मात्र भाडे अचूक द्यावे लागते, उरलेले पैसे परत मिळत नाहीत. एकाच राज्यात दोन शहरांचे दोन रिवाज!

कार्डाची परीक्षा अर्ध्या क्षणात

तिसरा नकार सर्वांत बोधप्रद आहे. सकाळी जे कार्ड चालले, ते दुपारी का चालले नाही?

लंडनमध्ये २००३ साली 'ऑयस्टर' नावाचे प्रवासाचे कार्ड सुरू झाले. त्यात आगाऊ पैसे भरायचे आणि प्रत्येक प्रवासाचे भाडे त्यातून वजा व्हायचे, अशी ती योजना. डिसेंबर २०१२ मध्ये बसगाड्यांत आणि सप्टेंबर २०१४ मध्ये भुयारी रेल्वेत बँकेचे कार्डही नुसते टेकवून चालू लागले. व्हिसा, मास्टरकार्ड आणि अमेरिकन एक्स्प्रेस यांची परदेशांत दिलेली बहुतेक कार्डेही तेथे चालतात.

पण विचार करा. गर्दीच्या वेळी एकामागून एक माणसे दारातून आत येत असतात. प्रत्येकाच्या कार्डाबद्दल त्याच्या बँकेला विचारून उत्तराची वाट पाहायची, तर बस थांब्यावरून हलणारच नाही. म्हणून यंत्राला अर्ध्या सेकंदाच्या आत निर्णय घ्यावा लागतो. तेवढ्यात ते दोनच गोष्टी पाहते: कार्ड अस्सल आहे काय, आणि त्याचा क्रमांक नाकारायच्या कार्डांच्या यादीत आहे काय. या परीक्षेत उतरले की प्रवासी आत. बँकेला विचारणे मागाहून होते.

आमच्या बाबतीत नेमके हेच घडले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नव्याने मिळणाऱ्या भारतीय कार्डांवर परदेशातील व्यवहार आणि नुसते टेकवून करायचे व्यवहार आपोआप खुले नसतात. खातेदाराने ते मागून घ्यावे लागतात. चोरीपासून संरक्षण व्हावे हा त्यातील हेतू आहे आणि तो योग्यच आहे. आम्ही टेकवण्याची सोय मागून घेतली होती, परदेशाची मात्र विसरलो होतो. सकाळी यंत्राने आमच्यावर विश्वास ठेवला. नंतर भारतातील बँकेकडे विचारणा झाली, तिने नकार दिला, आणि आमचा क्रमांक नाकारायच्या यादीत गेला. दुपारचा तांबडा दिवा म्हणजे आमच्याच निष्काळजीपणाचे फळ होते. नाही म्हटले तरी सकाळचे भाडे बुडवून आम्ही हिंडत होतो! सायंकाळी घरी येऊन ती सोय खुली केली, थकलेले भाडे भरले, तेव्हा कार्ड पुन्हा चालू झाले.

परदेशी कार्डाचा हिशेब

आता थोडे अंकगणित. मार्च २०२३ मध्ये लंडनच्या बसचे भाडे १.७५ पौंड झाले. पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात आणखी कितीही बसगाड्या बदलल्या तरी निराळे भाडे पडत नाही. शिवाय दिवसभरात कितीही वेळा बसने हिंडलो, तरी या दराने एकूण ५.२५ पौंडांहून, म्हणजे तीन भाड्यांहून, अधिक आकारणी होत नाही. हा 'दिवस' पहाटे साडेचारला सुरू होतो. दिवसाचे सारे प्रवास जुळवून एकच रक्कम बँकेकडे मागितली जाते.

समजा, एका प्रवाशाचे दिवसाचे भाडे ५.२५ पौंड झाले. हिशेबापुरता एक पौंडाचा दर ११० रुपये धरू. मूळ रक्कम झाली ५७७ रुपये ५० पैसे. त्याच्या बँकेने परकी चलनाबद्दल शेकडा ३.५ आकार घेतला, तर तो २० रुपये २१ पैसे. त्या आकारावर शेकडा १८ प्रमाणे वस्तू व सेवा कर ३ रुपये ६४ पैसे. एकूण ६०१ रुपये ३५ पैसे. हा आकार बँकेबँकेत निरनिराळा असतो. काही देशांतील बँका शेकड्याऐवजी प्रत्येक व्यवहारामागे ठरावीक रक्कम घेतात; अशा प्रवाशाला दिवसाची एकच मागणी होणे विशेष लाभाचे ठरते.

येथे एक खबरदारी घ्यावी लागते. सकाळी कार्ड आणि सायंकाळी तेच कार्ड जोडलेला दूरध्वनी टेकवला, तर यंत्र त्यांना दोन निराळे प्रवासी समजते आणि कमाल मर्यादेचा लाभ हातचा जातो. भुयारी रेल्वेत आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा तेच कार्ड टेकवावे लागते. बसमध्ये केवळ चढताना. आणि एका कार्डावर एकाच वेळी दोघांना प्रवास करता येत नाही. प्रत्येकाला आपले कार्ड हवे.

हाली आणि कलदार

हे सारे ऐकून आपणांस वाटेल, या परदेशच्या गोष्टी. आपला त्यांच्याशी काय संबंध? परंतु आपल्या हैदराबादेत आणि मराठवाड्यातील घराघरांत असाच अनुभव एके काळी नित्याचा होता. निजामाच्या राज्यात स्वतःचे नाणे होते. त्याला 'हाली सिक्का' किंवा 'उस्मानिया सिक्का' म्हणत. त्या रुपयावर चारमिनारचे चित्र असे. १९१८ च्या कायद्यान्वये संस्थानाने कागदी नोटाही काढल्या. शेजारच्या ब्रिटिश मुलखातील रुपयाला लोक 'कलदार' म्हणत. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असे प्रमाण होते. म्हणून शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली पडत. मुलांना त्रैराशिकाची उदाहरणे पुस्तकात शोधावी लागत नसत. ती बाजारातच भेटत.

आमचे वडील औरंगाबादेहून पुण्यास शिकायला जात. संस्थानच्या रेल्वेने मनमाडला उतरावयाचे आणि तेथून पुढची गाडी धरावयाची. मनमाड ब्रिटिश हद्दीत. ते दोन कसे जवळ बाळगीत: एकात हाली, दुसऱ्यात कलदार. एकदा घाईत त्यांनी मनमाडच्या फलाटावर चहावाल्याला चारमिनारची चवली दिली. त्याने ती उलटसुलट करून परत केली आणि पेलाही मागे ओढला. "नाणे चांदीचे होते, पण त्याची ओळख स्टेशनाच्या अलीकडे राहिली," असे वडील हसत सांगत. लंडनच्या दुकानात ती नोट आमच्या हाती परत आली, तेव्हा मनमाडचा तो फलाट आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. पुढील काळात भारतीय रुपया सर्वत्र आला आणि हाली सिक्का व्यवहारातून नाहीसा झाला. गोव्यातही पोर्तुगीज राजवटीचे चलन होते. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर तेही गेले. आज आपण एकच नोट घेऊन देशभर हिंडतो. ही सोय किती मोलाची आहे, हे दोन कसे बाळगणाऱ्या पिढीला विचारावे.

विचार करण्याजोगा प्रश्न

भारतातही ४ मार्च २०१९ रोजी सर्व शहरांच्या वाहतुकीसाठी एक समान कार्ड आणण्याची योजना सुरू झाली. त्या कार्डातच प्रवासापुरती शिल्लक साठवता येते. म्हणून दारात बँकेला विचारण्याची गरज पडत नाही. एका शहराचे कार्ड दुसऱ्या शहरात चालावे, हा त्यातील हेतू स्तुत्य आहे. सुट्या पैशांवरून होणारी कंडक्टर आणि प्रवासी यांची रोजची हुज्जत थांबली, तर ती कोणाला नको आहे?

परंतु या सुधारणेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. लंडनमध्ये रोख भाडे बंद करण्याचे ठरले, तेव्हा असे सांगण्यात आले की, २००० साली बसच्या शेकडा २५ प्रवासांचे भाडे रोख दिले जाई, ते आता शेकडा १ वर आले आहे. शेकडा एक हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण त्या शहरात बसचे प्रवास वर्षाला दोन अब्जांहून अधिक होत होते. त्यांचा शेकडा एक म्हणजे दोन कोटींहून अधिक प्रवास! ते कोणाचे? त्यांत आमच्यासारखे गोंधळलेले परदेशी असतील, कार्ड घरी विसरलेले असतील, आणि ज्यांचे बँकेत खातेच नाही असेही असतील. दुकानातून प्रवासाचे कार्ड रोख पैसे देऊन घेता येते, ही सोय राखली होती हे खरे. तीच आमच्या कामी आली. पण रात्री दुकान बंद असते तर?

आमच्या गल्लीतील भाजीवाली आजी पहाटे घामाच्या दहा-वीसच्या नोटा पदराच्या गाठीतून काढून बसचे भाडे देते. उद्या तिच्यापुढे तांबडा दिवा लागला, तर तिला समजावून कोण सांगणार? आमच्यापाशी शिक्षण होते, भाषा होती, घरी गेल्यावर मदत होती; तरी त्या अर्ध्या तासात आम्ही पुरते गांगरलो. सार्वजनिक वाहन हे 'सार्वजनिक' तेव्हाच, जेव्हा ज्याच्याजवळ भाडे आहे त्याला ते देण्याचा एक तरी सोपा मार्ग उघडा असतो. यंत्र जरूर यावे. पण एक खिडकी माणसाचीही असावी.

पैसा म्हणजे धातू नव्हे, कागद नव्हे आणि कार्डही नव्हे. पैसा म्हणजे अनोळखी माणसांनी एकमेकांवर ठेवलेला विश्वास. तो विश्वास वाढवते ती सुधारणा खरी. परमुलखात जाताना आपण नोटा तपासून घ्याव्या, कार्डाच्या सोयी खुल्या करून घ्याव्या, थोडी रोकड आणि थोडा धीरही जवळ ठेवावा. आणि आपल्या मुलखात कोणी परका माणूस अनोळखी पैसा हाती धरून गोंधळलेला दिसला, तर लंडनच्या त्या वयस्क दुकानदाराची आठवण ठेवावी.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, या प्रमाणाने ४२ कलदार भाड्यासाठी किती हाली रुपये लागतील?

२. स्कॉटिश बँकेची नोट कायदेमान्य नसूनही का चालते? कायदा आणि विश्वास यांतील फरक स्पष्ट करा.

३. कार्ड टेकवताच बँकेला विचारण्याऐवजी मागाहून विचारण्यात लाभ कोणता आणि धोका कोणता?

४. आपल्या गावातील बसमध्ये रोख भाडे बंद झाले, तर कोणाची सोय होईल आणि कोणाची अडचण होईल? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.